स्क्रीनवर टक्के दिसत होते

९ एप्रिल, गुरुवार

ही डायरी पाइपच्या दुकानातून दिवाळीला फुकट आलेली. जानेवारी ते मार्च कोरी आहे, कारण त्या तीन महिन्यांत लिहिण्यासारखं मी काही केलंच नाही. पुण्यातली नोकरी सोडली, जळगावला परत आले, मेहरूणच्या तलावाला फेऱ्या मारल्या आणि नानांच्या हातच्या जाड पोळ्या खाल्ल्या. आता काम सुरू होतंय, तर लिहीन म्हणते.

आज पॉवर स्टेशन आलं. बावीस किलोचा चौकोनी ठोकळा, वर पकडायला कडी, पुढे स्क्रीन. नाना त्याला ‘डबा’ म्हणतात. शीतपेटी मागच्या आठवड्यातच आली. घरी माणूस गेलं आणि लेक किंवा भाऊ लांबून यायचा असला, तर तोवर देह ठेवायची ही थंड पेटी, वर काचेचं झाकण. शहरात अशा पेट्या मिळतात. खेड्यात पेटी पोहोचली तरी लाइट टिकेल याची खात्री नाही, म्हणून सोबत डबा. लाइट असली की तो चार्ज होतो, गेली की पाच तास पेटी चालवतो. सात वर्षं इन्व्हर्टरच्या सर्व्हिस सेंटरला बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्यातून एवढी अक्कल आली. शेजारच्या शिल्पाकाकूंचं मत असं की बाईमाणसाने असला धंदा करू नये. त्यांच्या मिक्सरचं दुरुस्तीकाम मात्र बाईमाणसाने केलेलं चालतं.

संध्याकाळी नानांची शिकवणी घेतली. नाना म्हणजे माझे वडील, आधार नाना. सव्वीस वर्षं डाळ मिलचा टेम्पो चालवला, आता माझा चालवणार. विजेच्या बाबतीत कोरी पाटी. त्यांना एकच नियम तीनदा म्हणायला लावला. झाकण शक्यतो उघडायचं नाही, आणि उघडायची वेळच आली तर आधी डबा बंद करायचा. आत पाणी साचतं, हात ओले होतात, पेटी लोखंडाची. करंट बसायला वेळ लागत नाही. नाना हाताची घडी घालून म्हणाले, “आधी बंद, मग झाकण.” त्यांना वरचं मोठं बटण दाखवलं. बाकीची बटणं दाखवली नाहीत, ती माझी मी बघेन. उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला.

१२ एप्रिल, रविवार

पहिलं काम, आणि पहिल्याच कामात डबा बंद.

इथलंच घर, निवृत्त शिक्षक रतिलाल सर गेले. मुलगा हैदराबादहून संध्याकाळी पोहोचणार होता. दुपारी लाइट गेली, डब्याने पेटीचा भार घेतला, मी मनात स्वतःची पाठ थोपटते आहे तोवर टक्कन आवाज आणि सगळं शांत. स्क्रीनवर जास्त भाराचा कोड. बघते तर सरांच्या मेहुण्यांनी डब्याच्या रिकाम्या सॉकेटला चहाची मोठी विजेची किटली लावलेली. माणूस पेटीत, आणि किटली त्याच बॅटरीवर. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आल्यावर सगळ्या रिकाम्या सॉकेटांवर चिकटपट्टी मारली.

फॉल्ट सापडायला दीड मिनिट लागलं. माझ्या हातून निसटेल असा फॉल्ट अजून जन्माला यायचा आहे.

नाना दिवसभर पेटीपाशीच बसून होते. येताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, ही काच इतकी जाड कशाला केली असेल. मी म्हटलं, थंडावा टिकायला.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी वंदना करून आलो. नानांनी खीर केली, ती खाली लागली, दोघांनी मुकाट्याने खाल्ली. आईची खीर कधी लागली नाही.

पाच वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, जयंतीनंतर दहा दिवसांनी आई गेली. दिपमाला आधार सोनवणे, वय त्रेपन्न. मी पुण्यात खोलीत कोंडलेली, मलाही ताप. इथे नाना एकटे. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, शेवटी तिच्या कपाळावर हात ठेवला, ती शांत होती, झोपल्यासारखी. त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं काढली. हा धंदा का सुचला असं कोणी विचारलं की मी लाइटच्या भानगडी सांगते. हे सांगत नाही.

१९ एप्रिल, रविवार, आखाजी

डोकं फिरलंय. सगळं क्रमाने लिहिते.

पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीच्या काठचं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, घागरी पुजलेल्या, आणि पहाटे घरची म्हातारी गेली. लेकी होत्याच, पण तिचा भाऊ नंदुरबारकडून माहेरची साडी घेऊन येईपर्यंत तिला उचलायची नव्हती. सवाष्ण बाई, माहेरच्या साडीतच जाणार. भाऊही ऐंशीचा, त्याला आणायला माणूस गेलेला.

अकराला डबा बंद. कोड होता, तापमानाचा. पेटी मांडवात आणि डबा नेमका उन्हात. मी तो ओसरीच्या सावलीत ओढला, मागच्या जाळीवर कोणीतरी गोणपाट टाकलं होतं ते काढलं, तो चालू झाला. इथपर्यंत ठीक.

मग मी जेवायला गेले. नाना म्हणाले, तू जा, मी बसतो. पाऊण तासाने आले तर पेटीच्या पंख्याचा आवाज नाही. हात लावला, कोमट. काचेला आतून घाम आलेला. स्क्रीन मात्र चालू, एकाहत्तर टक्के. कोड नाही. नाना शेजारीच, मांडीवर हात ठेवून. मी विचारलं, काही आवाज आला का, कोणी हात लावला का. ते म्हणाले, “टक्के दिसताहेत ना.” सॉकेटला वीज सोडणारं एसीचं बटण दाबलं, पेटी सुरू झाली. म्हणजे स्क्रीन जागी आणि पेटीला वीज नाही. असा फॉल्ट मी सात वर्षांत पाहिला नाही.

तीनला भाऊ आला, साडी आली, सगळं रीतसर झालं. आम्ही निघताना धाकट्या लेकीने नानांचे पाय धरले आणि रडत राहिली. उन्हात वायरी ओढल्या मी, अन् पाया पडायचं नानांच्या. नानांच्या बोटांना हळद लागली होती. जेवण झाल्यावर हात नीट धुवायची सवय त्यांना या जन्मात लागणार नाही.

डायरीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले. बंद, चालू, कोड, कारण. तिसऱ्या ओळीतले शेवटचे दोन रकाने कोरे आहेत.

२१ एप्रिल, मंगळवार

डबा घरी तपासला. पेटी जोडून रिकामी चालवली, पूर्ण पाच तास. एकदाही बंद पडला नाही. मग मुद्दाम लाइट काढली, घातली, पुन्हा काढली. वायर हलवली. टेम्पोत ठेवून खड्ड्यातून फिरवून आणला. काही नाही. कस्टमर केअरचा माणूस म्हणतो, कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं.

नाना दाराच्या चौकटीत उभे राहून बघत होते. म्हणाले, डब्यात दोष नसेल तर कशाला त्याला एवढा पिदडतेस. मी चिडून म्हटलं, मग दोष काय माझ्यात आहे का? ते आत निघून गेले. मला वाईट वाटलं, पण माझंही बरोबर होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

आईचा दिवस. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. नाना फोटोची काच किती तरी वेळ पुसत होते.

२५ एप्रिल, शनिवार

पुन्हा. चाळीसगाव. राजदीप म्हणून शिक्षक आहेत, त्यांची आई. मी मंडपवाल्याशी भांडत होते तेवढ्यात. फार तर अठ्ठावीस मिनिटं बंद असेल. टक्के दिसत होते, कोड नाही. नशीब की लवकर पाहिलं. राजदीप सर निघताना नानांना मिठी मारून म्हणाले, “तुमचे उपकार फिटणार नाहीत.” मला काही कळत नाही. यंत्र फसवतंय आणि लोक आभार मानताहेत. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले.

४ मे, सोमवार

गावाचं नाव लिहीत नाही. धुळे तालुका.

वना आप्पा गेले, वय अठ्ठ्याहत्तर, पहाटे चारला. आम्ही नऊला पोहोचलो. पत्र्याचं घर, पारा चव्वेचाळीसवर. मुलगी सारिका सुरतेला असते, ती रेल्वेने नरडाण्याला उतरून साडेपाचपर्यंत येणार. बापाची लाडकी. तिचा फोन दर तासाला येत होता. भाऊ प्रेमराज दर वेळी एकच सांगायचा, “आप्पा आहेत तसे आहेत, तू सावकाश ये.” त्याने माझ्याकडे बघून विचारलं होतं, ताई, सांगू ना असं? मी म्हटलं, सांगा. माझ्या जबाबदारीवर सांगा.

साडेबाराला गावातली लाइट गेली. डबा चौऱ्याण्णव टक्के. संध्याकाळपर्यंत पुरला नसता, म्हणून धुळ्याला एका ओळखीच्या दुकानातून दुसरा डबा तासाभरासाठी मागून आणायला मी प्रेमराजची मोटरसायकल घेऊन गेले. नानांना बजावलं, जागचं हलायचं नाही. ते हलले नाहीत, हे मला माहीत आहे. दुकान उघडून घेण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा चारला दहा कमी होते.

अंगणातच वास आला.

आधी वाटलं गटाराचा असेल. ओसरीवर चढले. डब्याची स्क्रीन काळी. या वेळी टक्केसुद्धा नाहीत. पेटी गप्प. काचेच्या आत पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि पलीकडे आप्पांचा चेहरा सकाळचा नव्हता. यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. बायका पदर नाकाला लावून बसल्या होत्या. त्यांना वाटलं असणार की असंच असतं. नाना उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं, डबा सुरू झाला. सत्याऐंशी टक्के शिल्लक होते. सत्याऐंशी. तीन तासांत त्याने काहीच काम केलं नव्हतं.

सारिका सहाला आली. तोवर चेहरा झाकला होता. ती म्हणाली, दाखवा. प्रेमराज म्हणाला, नको. ती तीनदा म्हणाली. मग मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. एवढ्या लांबून ती पांढऱ्या कापडाला नमस्कार करायला आली होती.

प्रेमराजने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “ताई, एकच काम होतं तुमच्याकडं.”

निघताना आप्पांच्या बायकोने, भिकुबाईंनी, माझं मनगट धरलं. मला वाटलं आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, “पोरी, तू बापले काही बोलू नको. त्यानी काही वाईट नही करं.” घरात एवढं सगळं झालेलं असताना त्या माउलीने माझ्या बापाची काळजी करावी, याने मी आणखीच मेल्याहून मेल्यासारखी झाले.

५ मे, मंगळवार

दोन फोन आले, दोन्हीला पेटी रिकामी नाही म्हणून सांगितलं. नाना जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुमची चूक नाही, यंत्रच दगाबाज निघालं. त्यावर ते उठून गच्चीत गेले, भर दुपारी, अनवाणी.

कंपनीला मेल केला, आतली पूर्ण नोंद पाठवा. डबा प्रत्येक गोष्ट टिपून ठेवतो, फक्त ती ग्राहकाला दाखवत नाही, हे मला सर्व्हिस सेंटरला असल्यापासून माहीत आहे.

७ मे, गुरुवार

नोंद आली. मी ती चार वेळा वाचली.

४ मे. दुपारी १२.५२, मुख्य बटण, हाताने बंद. १.०४, मुख्य बटण, हाताने चालू. एसीचं बटण बंदच. ३.०४, दोन तास भार नाही म्हणून आपोआप बंद. बोरीकाठच्या गावाची नोंद तशीच. चाळीसगावची तशीच. हाताने बंद, दहा-बारा मिनिटं, हाताने चालू, आणि एसीचं बटण कोणी दाबलेलं नाही. मोठ्या बटणाने स्क्रीन जागी होते, टक्के दिसतात, पण पेटीला वीज जाते ती बाजूच्या लहान बटणाने.

म्हणजे यंत्रात काहीच बिघाड नव्हता. कोणीतरी बंद करत होतं. तीन गावांत, तीन घरांत. माझं डोकं भणभणायला लागलं. आधी पोरांवर संशय आला, मग प्रेमराजच्या भावकीवर, कारण तिथे जमिनीवरून बोलाचाली चालू असल्याचं कानावर आलं होतं. नानांना मी वेळा मोठ्याने वाचून दाखवल्या आणि म्हटलं, आठवा, १२.५२ला डब्याजवळ कोण होतं. मी आत्ता प्रेमराजला फोन लावते. त्यांच्यातल्याच कोणीतरी आप्पांची दशा केली आणि बोल मला लावले.

फोन कानाला लावला होता. नानांनी तो हातातून काढून घेतला.

“मी होतो,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा मीच.”

मला हसूच आलं आधी. मग ते खाली बसले आणि सांगत गेले. बोरीकाठच्या गावात धाकट्या लेकीने काचेवर गाल टेकला होता आणि ती तशीच पडून राहिली होती. नानांना ते बघवलं नाही. त्यांनी विचारलं, हळदकुंकू लावायचंय का आईला? तिला लावायचं होतं. राजदीप सरांना आईचे पाय चेपायचे होते, रोज चेपायचे तसे. आणि भिकुबाई नुसत्या शेजारी बसल्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, आक्का, लेक आली की बघा मग जवळून. तर त्या म्हणाल्या, “आंडेर ऊनी म्हणजे मंग माले कोन जवय जाऊ दी, भाऊ? माले आतेच त्याना हात धरू दे.”

“मग मी उघडलं,” नाना म्हणाले. “तू सांगितलं तसं. आधी बंद, मग झाकण. बाईला करंट बसायला नको. झाकण लावल्यावर परत चालू केलं. लाइट लागला. टक्के दिसले. मला वाटलं चालू आहे.”

मी त्यांना दुसरं बटण दाखवलंच नव्हतं. त्यांच्या डोक्याला ताप नको म्हणून.

हे कळल्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला थांबता आलं नाही. मी म्हटलं, आणि चाळीसगावनंतर तरी मला का सांगितलं नाहीत, मी रडले ते ऐकलंत ना. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू उघडू दिलं नसतं. मी ओरडले. म्हटलं, तुम्हाला काय हक्क होता, आईच्या वेळी तुम्हाला तुमचा हात लावायला मिळाला होता ना, मग सारिकाला तिच्या बापाचं तोंडसुद्धा दिसू नये असं का केलंत.

नानांनी माझा फोन खाली ठेवला.

“कुठला हात, प्राची,” ते म्हणाले. “काच होती. दवाखान्यात मधे मोठी काच, पलीकडं पिशव्या ठेवलेल्या. त्या माणसानं बोट दाखवलं, ती तिसरी. चेन उघडली नाही. मी काचेवर हात ठेवला आणि खाली आलो. तू तिकडं एकटी होतीस, तापात. तुला काय सांगणार होतो.”

८ मे, शुक्रवार

नानांनी पोळ्या केल्या. मी खाल्ल्या नाहीत. मग खाल्ल्या.

कपाळावर हात नव्हता. ती झोपल्यासारखी दिसत नव्हती, कारण ती दिसलीच नव्हती. ती तिसरी तरी होती का, हेही नक्की नाही. पाच वर्षं मी जे धरून होते, ते नानांनी फोनवर, माझ्यासाठी, उभ्या उभ्या तयार केलं होतं. आणि त्यांच्याकडे स्वतःसाठी तेवढंही नव्हतं.

मला त्यांचा राग येतोय. तो येतो आणि मग त्यांची पाठ दिसते, ओट्यापाशी पीठ मळणारी, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

१० मे, रविवार

वना आप्पांच्या घरी जाऊन आलो. मी ठरवलं, सांगायचं. प्रेमराज आपल्या मनात यंत्राला दोष देत असेल, नाहीतर स्वतःला, की बहिणीला ‘सावकाश ये’ का म्हणालो. नाना म्हणाले, मी बोलतो. मी म्हटलं, दोघं बोलू.

प्रेमराज, सारिका आणि भिकुबाई ओसरीवर बसले. जिथे पेटी होती तिथे आता ज्वारीची पोती होती. नानांनी हात जोडून सगळं सांगितलं. झाकण उघडलं ते, बटण ते, टक्के ते. मी सांगितलं की दुसरं बटण दाखवायचं काम माझं होतं. प्रेमराज मान खाली घालून ऐकत होता. सारिका ऐकता ऐकता आईकडे बघायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, आम्ही फार मोठी चूक केली. कारण तिला आता कळलं होतं की तिचा बाप तिला दिसला नाही, तो तिच्या आईपायी.

भिकुबाईंना ते कळलं. त्या काही लपवायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, हो, मीच मागितलं. पन्नास वर्षांत चारचौघांत त्यांचा हात कधी धरला नव्हता, म्हणून मागितलं.

बाहेर कोणाची तरी मोटर चालू झाली आणि बंद झाली. मग सारिकाने विचारलं, “कसा लागना, माय? हात?”

भिकुबाईंनी स्वतःचा तळवा उघडला आणि त्यात बघून म्हणाल्या, “थंडा व्हता. पन त्यानाच व्हता. अंगठाखाले गाठ व्हती ना त्यानी, ती बी तठेच व्हती.”

सारिकाने आईचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या तोंडावर ओढला. ती त्यात रडली. प्रेमराज उठून आत गेला, आणि आम्हाला पाणी घेऊन आला.

त्यांनी माफ केलं का, माहीत नाही. मी विचारलं नाही. गाडीत नाना म्हणाले, पेटी विकून टाक. मेहरूणच्या वळणावर मी म्हटलं, उद्या दुसरं बटण शिकवते.

१७ मे, रविवार

शहरातलंच घर. पंचावन्न वर्षांच्या बाई, लेक बंगळुरूहून विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने येणार. नवरा, भूपेंद्र नाव, पेटीपासून चार हात लांब खुर्चीवर बसलेला. काचेकडे बघायचा, मग जमिनीकडे.

अकराच्या सुमाराला मीच त्यांच्यापाशी गेले. विचारलं, जवळ यायचंय का? त्यांनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग उठले.

नानांनी मोठं बटण दाबलं. पंखा थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मी कोरड्या फडक्याने कडा पुसल्या, दोघांनी मिळून झाकण उचललं. भूपेंद्रभाऊंनी बायकोचे केस कानामागे सारले, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. त्यांना घाई नव्हती. मी घड्याळ बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. नाना भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंड वळवलं नाही. सगळं पाहिलं.

झाकण लावलं. नानांनी मोठं बटण दाबलं, मग लहान. मग वाकून पेटीच्या पत्र्याला कान लावला आणि मला मान हलवून सांगितलं.

घरी आल्यावर मी डायरीचं शेवटचं पान उघडलं. नानांच्या त्या तीन वेळांच्या ओळींतले कोरे रकाने अजून तसेच होते. नवी ओळ लिहिली. बंद, ११.०८. चालू, ११.१९. कोड, नाही. चौथ्या रकान्यावर पेन थांबलं. नानांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला, आणि टेम्पोच्या पावतीवर लिहायचे तशा मोठ्या अक्षरांत कारण लिहिलं. भेट.

मग ते वरच्या तिन्ही ओळींवर गेले आणि तिथेही तेच लिहिलं. सगळ्यांत खाली त्यांनी आणखी एक ओळ आखली, आणि तारीख घातली, चोवीस एप्रिल, पाच वर्षांपूर्वीची. बाकीचे रकाने त्यांनी भरले नाहीत. पेन मला परत दिलं आणि डबा चार्जिंगला लावायला गेले.